मायलिन परत आले की सूज ओसरली? एका मोजणीचे प्रकरण

हे प्रकरण ज्या संशोधनगटातले आहे, तिथे एमआरआयच्या भौतिकीची बाजू मी सांभाळत होते. सहभागी बाईंची ओळख पटू नये म्हणून काळ आणि इतर काही तपशील बदलले आहेत आणि आकडे पूर्णांकाच्या जवळ आणले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले तसेच लिहिले आहेत, चुकलेलेसुद्धा.

पार्श्वभूमी

आमचा अभ्यास मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसच्या रुग्णांचा होता. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतातंतूंभोवतीच्या मायलिनच्या वेष्टनावर हल्ला करते. वेष्टन गेले की संदेश मंदावतो, कधी वाटेतच विरतो. पण मेंदू काही प्रमाणात हे वेष्टन पुन्हा चढवतोही. ते कोणात, कुठे आणि किती चढते हे जिवंत माणसात मोजून पाहायचे, एवढाच आमचा हेतू होता. कुठल्या औषधाची चाचणी नव्हती.

एमआरआयला मायलिन थेट दिसत नाही, आणि या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे. मायलिनच्या कोरड्या वजनात सुमारे 70 ते 80 टक्के मेद असतो आणि उरलेली बहुतेक प्रथिने. या रेणूंच्या प्रोटॉनचा सिग्नल एका मिलिसेकंदाच्या आतच विझतो. नेहमीचा स्कॅन सिग्नल टिपायला सुरुवात करतो तोवर तो गेलेला असतो. म्हणून आपण मोजतो ते पाणी. मायलिन तंतूभोवती थरावर थर गुंडाळलेले असते आणि त्या थरांच्या फटींत थोडे पाणी अडकून बसते. अशा अडचणीत असलेल्या पाण्याचा सिग्नल मोकळ्या पाण्यापेक्षा लवकर विझतो. 1994 मध्ये व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या मेंदूत हे लवकर विझणारे पाणी वेगळे काढून दाखवले. आमची पद्धत त्याच वाटेवरची.

आमच्याकडे 3 टेस्ला ताकदीच्या चुंबकाचे यंत्र होते. रेडिओलहरीने एकदा उद्दीपन केल्यानंतर दर 10 मिलिसेकंदांनी एक असे 32 एको, म्हणजे ऊतीतून परत येणारे सिग्नल, टिपायचे, सगळा मोठा मेंदू साधारण 15 मिनिटांत. प्रत्येक व्होक्सेलमधून, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान घनाकृती तुकड्यातून, उतरत जाणारा एक वक्र मिळतो. या वक्रात वेगवेगळ्या वेगाने विझणारे पाणी मिसळलेले असते आणि गणिताने ते सोडवून घ्यायचे असते. सिग्नल किती वेळात विझतो याच्या मापाला टी-टू म्हणतात. 10 ते 40 मिलिसेकंदांच्या टी-टूचे पाणी मायलिनच्या थरांतले, 80 मिलिसेकंदांच्या आसपासचे पेशींच्या आतले-बाहेरचे आणि एका सेकंदाहून जास्त टी-टूचे मेंदूभोवतीच्या द्रवातले. पहिल्या हिश्शाला एकूण पाण्याने भागले की मायलिन-पाण्याचे प्रमाण मिळते. यापुढे त्याला नुसते 'प्रमाण' म्हणेन. निरोगी श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूतल्या मायलिन असलेल्या तंतूंच्या भागात, ते साधारण 10 टक्क्यांच्या आसपास असते, पण जागेनुसार बरेच बदलते. त्यामुळे आम्ही लिझनची, म्हणजे आजाराने इजा झालेल्या जागेची, तुलना नेहमी मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी करायचो.

काय घडले

ज्यांच्याबद्दल हे लिहिते आहे त्या बाई अभ्यासात आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हातातली ताकद अचानक कमी झाल्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. पेन धरता येत नव्हते, गुंडी लावता येत नव्हती. हाताकडे जाणारे तंतू मेंदूच्या डाव्या बाजूला जिथून खाली उतरतात, नेमका तिथे एक नवा लिझन होता. गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारे द्रव्य शिरेतून दिल्यावर तो उजळला होता. म्हणजे तिथली रक्तवाहिन्यांची भिंत गळकी झालेली होती आणि जळजळ ताजी होती. (आमचा स्कॅन गॅडोलिनियमच्या आधीच घेतला जायचा. ते टी-वन (उद्दीपनानंतर पाणी पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळेचे माप) आणि टी-टू दोन्ही बदलते, त्यामुळे क्रम उलटा झाला तर मोजणी वाया जाते.)

तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा हात बराच सुधारला होता. पहिल्या स्कॅनमध्ये लिझनमधले प्रमाण 6.5 टक्के होते, दुसऱ्यात ते 8 झाले. म्हणजे वाढ जवळजवळ पाव हिश्शाची. रंगीत नकाशावर आधी निळा दिसणारा ठिपका आता हिरवट झाला होता.

तो नकाशा आमच्या एका तरुण सहकाऱ्याने त्यांना स्क्रीनवर दाखवला. "हे बघा, इथे मायलिन परत येतंय," तो म्हणाला. त्याला खरेच आनंद झाला होता. बाईंनी फोनमध्ये त्या स्क्रीनचा फोटो काढून घेतला. मी त्याच खोलीत होते आणि मी काही बोलले नाही. हात सुधारलेला, रंग बदललेला, मला त्या क्षणी त्यात खोट दिसली नाही.

अडचण कुठे होती

शंका आली ती नकाशा सोडून वक्र पाहिला तेव्हा. एका विद्यार्थिनीला एको कसे उतरतात हे समजावण्यासाठी मी त्याच लिझनमधला एक व्होक्सेल उघडला होता. पहिल्या भेटीच्या वक्राची शेपटी खाली यायला तयारच नव्हती. 320 मिलिसेकंदांनंतरही, म्हणजे शेवटच्या एकोतसुद्धा, तिथे चांगला सिग्नल शिल्लक होता. त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या निरोगी व्होक्सेलमधला सिग्नल जवळजवळ तळाला टेकलेला होता. गणिताने सोडवल्यावर 80 मिलिसेकंदांचे शिखर उजवीकडे सरकलेले होते आणि त्याच्याही पलीकडे, 200 ते 400 मिलिसेकंदांच्या टापूत, एक वेगळा उंचवटा होता. तीन महिन्यांनंतरच्या वक्रात तो उंचवटा नव्हता. डावीकडचे, म्हणजे मायलिनच्या पाण्याचे छोटे शिखर दोन्ही वेळा जवळपास सारखेच दिसत होते.

याचा अर्थ असा, की बदलले होते ते मुख्यतः मोकळे पाणी. सूज होती, ती ओसरली होती. अपूर्णांकाचा छेद लहान झाला आणि अपूर्णांक आपोआप मोठा झाला.

हे एकदा आकड्यांत मांडून पाहू. 100 घन मिलिमीटर श्वेतद्रव्य घ्या, त्यात 70 भाग पाणी, आणि त्या पाण्यापैकी 7 भाग मायलिनच्या थरांतले. प्रमाण 10 टक्के. आता सूज येऊन 20 भाग पाणी वाढले. मायलिनचा एकही थर गेलेला नाही, तरी 7 भागिले 90 म्हणजे प्रमाण 7.8. घट 22 टक्क्यांची, सगळी पाण्याने घडवलेली. सूज उतरली की हेच उलट होईल, आणि रंगीत नकाशावर ते अगदी मायलिन परत आल्यासारखे दिसेल.

तरी 'सगळे पाणीच आहे' असा उलटा निष्कर्ष काढणेही चूकच ठरले असते. एमएसमध्ये वरवर निरोगी दिसणाऱ्या श्वेतद्रव्यात व्हँकुव्हरच्याच गटाने पाणी आणि प्रमाण दोन्ही मोजले होते. पाणी सुमारे 2 टक्क्यांनी वाढलेले आणि प्रमाण मात्र सुमारे 16 टक्क्यांनी घटलेले त्यांना आढळले. एवढ्याशा पाण्याने एवढी घट होत नाही, तिथे मायलिन खरोखर कमी झालेले असते. मृत्यूनंतरच्या मेंदूंवर आधी एमआरआय आणि मग रंगद्रव्याने मायलिन रंगवून केलेल्या तुलनाही या मोजमापाच्या बाजूने बोलतात. म्हणजे मोजमाप खोटे नाही. ताज्या, सुजलेल्या लिझनमध्ये ते एकटे पुरत नाही, एवढेच.

तिथे आणखी एक अडचण होती. तुटलेल्या मायलिनचा चुरा भक्षक पेशी उचलून नेईपर्यंत तिथेच पडून असतो, आणि त्या चुऱ्याच्या थरांतही पाणी अडकते. प्राण्यांमध्ये तंतू छाटल्यावर, ते निकामी झाल्यानंतरही काही काळ हे प्रमाण खाली येत नाही, असे दिसलेले आहे. म्हणजे पहिल्या भेटीतला आकडा सुजेमुळे कमी, चुऱ्यामुळे जास्त, की दोन्ही बाजूंनी ओढला गेलेला, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नव्हते.

कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग म्हणजे काही न करणे. प्रमाण वाढले, हात सुधारला, दोन्ही एकमेकांना धरून आहेत, तेव्हा ते तसेच मांडायचे. गटात या बाजूने बोलणारे होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. एमएसमध्ये मायलिन परत चढते हे खरे आहे, आणि ते बहुधा लिझन नवा असतानाच जास्त होते. म्हणजे आम्ही योग्य जागी योग्य वेळी पाहत होतो. फक्त आमचे मोजमाप नेमके त्याच वेळी सर्वांत जास्त फसवे होते.

दुसरा मार्ग म्हणजे हाताशी असलेल्या इतर स्कॅनमधून मायलिनचा दुसरा पुरावा काढणे. टी-वन आणि टी-टू चित्रांचे गुणोत्तर सर्वांत स्वस्त, कारण ती चित्रे प्रत्येक रुग्णाची असतातच. 2011 मध्ये ग्लासर आणि व्हॅन एसेन यांनी याच गुणोत्तराने मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, सुंदर नकाशे काढले. पण ते बाह्यकासाठी. श्वेतद्रव्यात हे गुणोत्तर मायलिन-पाण्याशी नीट जुळत नाही, आणि सूज तर दोन्ही चित्रांत उतरते. डिफ्युजनच्या स्कॅनमध्ये तंतूला आडव्या दिशेने पाणी किती पसरते यावरून मायलिनचा अंदाज बांधण्याची पद्धत आहे. तिथेही सूज आणि एकमेकांना छेदणारे तंतू अर्थ गढूळ करतात. हा मार्ग आम्ही सोडला.

तिसरा मार्ग मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरचा. वुल्फ आणि बलाबन यांनी 1989 मध्ये मांडलेली कल्पना अशी, की सिग्नल न देणाऱ्या मोठ्या रेणूंना रेडिओलहरींनी छेडायचे आणि त्याचा परिणाम शेजारच्या पाण्यावर किती पोचतो ते पाहायचे. मायलिनच्या वेगवेगळ्या एमआरआय मोजमापांची हिस्टोलॉजीशी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतीच्या तपासणीशी, तुलना एकत्र करून पाहणारे अभ्यास 2020 आणि 2021 मध्ये आले. त्यांत ही पद्धत चांगली ठरते, पण एकच पद्धत निर्विवाद सरस असे काही निघत नाही. आमच्या प्रश्नापुरते बोलायचे तर तीही शेवटी बांधलेले रेणू आणि पाणी यांची तुलनाच असते. पाणी वाढले की तिचाही आकडा खाली येतो. शिवाय पहिल्या भेटीला आम्ही हा स्कॅन घेतलेलाच नव्हता.

चौथा मार्ग म्हणजे प्रमाण सोडून मायलिन-पाण्याची प्रत्यक्ष रक्कम काढायची. एकूण पाणी मोजा, प्रमाणाने गुणा, छेद निघून गेला. मला हा मार्ग तेव्हा स्वच्छ वाटला. तो तसा नव्हता हे पुढे कळले.

पाचवा मार्ग म्हणजे ताज्या लिझनमधला पहिला स्कॅन बेसलाइन म्हणून वापरायचाच नाही. तीन महिन्यांचा स्कॅन हाच आरंभ धरायचा. याची किंमत मोठी होती. दुरुस्तीचा सर्वांत वेगवान काळच हातातून जाणार होता.

आम्ही काय केले

आधी चौथा मार्ग. एकूण पाणी काढायचे तर पहिल्या एकोच्या मागे, शून्य क्षणापर्यंत वक्र न्यावा लागतो आणि तो कशाशी तरी ताडावा लागतो. आम्ही मेंदूच्या पोकळ्यांमधला द्रव 100 टक्के पाणी धरला आणि सिग्नल टिपणाऱ्या कॉइलच्या असमान संवेदनेची दुरुस्ती केली. पहिल्या फेरीत लिझनमधले पाणी निरोगी बाजूपेक्षा कमी आले. सुजलेली जागा कोरडी कशी असेल? अर्धा दिवस आम्ही संगणकाचा कोड तपासत बसलो. कोड बरोबर होता. आमच्या स्कॅनमध्ये दोन उद्दीपनांमधले अंतर एक सेकंदाचे होते. सुजेच्या पाण्याचा टी-वन लांब असतो, एका सेकंदात ते पूर्ववत होत नाही, त्यामुळे त्याचा सिग्नल कमी पडतो. सुदैवाने त्याच भेटीत दुसऱ्या एका प्रकल्पासाठी टी-वनचा नकाशा घेतलेला होता. त्याने दुरुस्ती केल्यावर पहिल्या भेटीचे पाणी 79 टक्के आले आणि दुसऱ्या भेटीचे 74.

पण हीच दुरुस्ती प्रमाणालाही लागू होते. पहिल्या भेटीचे 6.5 उतरून 5.4 झाले आणि दुसरीचे 8 उतरून 7.3. म्हणजे वाढ पाव हिश्शावरून 35 टक्क्यांवर गेली! पहिल्या मार्गाच्या बाजूने बोलणाऱ्यांना यात दुजोरा दिसला. मला मात्र त्या दिवशी धास्ती वाटली. ज्या आकड्याला एक दुरुस्ती इतकी हलवते, त्याच्यावर कोणाची आशा उभी करायची नसते.

मग रक्कम काढली. 5.4 टक्के गुणिले 79 म्हणजे साधारण 4.3, आणि 7.3 गुणिले 74 म्हणजे 5.4. वाढ अजूनही पाव हिश्शाहून जास्त. छेद काढून टाकला तरी वाढ जाईना. आता खरेच मायलिन वाढले म्हणायचे का?

इथे विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न कामाला आला: "पाणी आत शिरलं, तर ते राहतं कुठे?" मी वर दिलेले उदाहरण फळ्यावरच होते. 100 घन मिलिमीटर ऊतीत 20 भाग पाणी शिरले की ऊती 120 होते. ती फुगते आणि शेजाऱ्याला सरकवते. स्कॅनचा व्होक्सेल मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे एका व्होक्सेलमध्ये आता पूर्वीपेक्षा कमी तंतू मावतात. मायलिन-पाण्याचे 7 भाग 120 मध्ये पसरले की दर 100 मध्ये 5.8 उरतात. प्रमाणात 22 टक्क्यांची घट होती, रकमेत 17 टक्क्यांची. म्हणजे ज्या दुरुस्तीवर मी विसंबले होते तिने या उदाहरणात प्रश्नाचा अगदी छोटा हिस्सा सोडवला होता. घनता मोजून भागत नाही. तो सगळा भाग धरून एकूण किती आहे ते मोजावे लागते, आणि त्यासाठी तो भाग फुगला किती, आक्रसला किती हे माहीत असावे लागते.

दोन भेटींची रचनात्मक चित्रे एकमेकांवर बसवून आम्ही आकारमानातला फरक काढला. लिझन आणि त्याच्याभोवतीचा सुजलेला पट्टा मिळून तीन महिन्यांत सुमारे 18 टक्क्यांनी आक्रसला होता. 5.4 गुणिले 0.82 म्हणजे 4.4, पहिल्या भेटीच्या 4.3 समोर. 35 टक्क्यांची वाढ 3-4 टक्क्यांवर आली.

हा आकडाही मी उत्तर म्हणून मांडणार नाही. आमच्या मूळ चित्रांची जाडी 5 मिलिमीटर होती. लिझनची कड एका व्होक्सेलने आत-बाहेर केली की तो 18 टक्क्यांचा फरक बराच हलत होता. एकाच निरोगी व्यक्तीला त्याच दिवशी यंत्रातून उठवून पुन्हा झोपवले, तर एवढ्या लहान भागात आमचे प्रमाण सुमारे 8 टक्क्यांनी वर-खाली व्हायचे. हे आम्ही तीन स्वयंसेवकांवर पाहिले. ही तपासणी अभ्यास सुरू होण्याआधी व्हायला हवी होती आणि ती नंतर झाली, ही माझी चूक.

मधेच एक बाजूची गोष्टही सुधारली. गटातल्या दुसऱ्या एका रुग्णाच्या कानशिलाजवळच्या लिझनमध्ये वक्राचे पहिले काही एको खालीवर होत होते. पहिला कमी, दुसरा जास्त, तिसरा पुन्हा कमी. 3 टेस्लावर रेडिओलहर डोक्यात सगळीकडे सारखी पोचत नाही. मध्यभागी ती जोरदार असते आणि कानशिलांकडे पडते. 180 अंशांची म्हणून दिलेली लहर तिथे बरीच कमी अंशांची ठरते, मग नको असलेले एको मिसळतात. गणितात हा कोन गृहीत न धरता शोधून घेतला की ती नागमोड समजून घेता येते. आमच्या जुन्या प्रणालीत तो 180 धरलेला होता. सगळ्या रुग्णांचे विश्लेषण नव्याने केले. यावेळी कोणती भेट पहिली आणि कोणती दुसरी, हे विश्लेषण करणाऱ्याला सांगितले नाही.

शेवटी पाचवा मार्ग स्वीकारला. गॅडोलिनियमने उजळलेल्या लिझनची पहिली भेट बेसलाइन म्हणून बाद केली. तीन महिन्यांनंतरच्या भेटीपासून पुढे मोजायचे ठरले, आणि त्या भेटीपासून मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरचा स्कॅन आणि रेडिओलहरीचा नकाशाही जोडला. गटप्रमुखांना हा निर्णय जड गेला, कारण निम्म्याहून अधिक लिझन याच प्रकारात मोडत होते. तरी त्यांनी तो मान्य केला.

निष्पत्ती

बाईंच्या त्या लिझनबद्दल पहिल्या तीन महिन्यांपुरते आमचे अधिकृत उत्तर 'ठरवता येत नाही' असे आहे. 'मायलिन आले नाही' असे आम्ही म्हटलेले नाही. सूज जाणे, चुरा उचलला जाणे आणि नवे मायलिन चढणे या तिन्ही गोष्टी त्या काळात एकाच वेळी चालू असू शकतात, आणि आमची मोजणी त्यांना वेगळे करू शकली नाही. तीन महिने ते नऊ महिने या काळात त्या जागी पाणी आणि आकारमान स्थिर राहिले. प्रमाणही आमच्या पुनर्मोजणीच्या फरकाच्या आतच राहिले.

गटातल्या एका जुन्या, न उजळलेल्या लिझनमध्ये मात्र या काळात प्रमाण त्या फरकाच्या पलीकडे वाढले. पाणी बदलले नव्हते, आकारमान बदलले नव्हते आणि मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरचा आकडाही त्याच दिशेने गेला. एकच लिझन. त्याचा उल्लेख अहवालात आहे, पण शीर्षकात नाही.

बाईंना काय सांगितले

यावर गटात जेवढी चर्चा झाली तेवढी गणितावरही झाली नव्हती. एक मत होते की काही सांगू नये. हात सुधारला आहे, त्या आनंदात आहेत, आणि तो नकाशा उपचारासाठी नव्हताच. न्यूरॉलॉजिस्ट सहकारी म्हणाल्या, "त्यांच्या फोनमध्ये तो फोटो आहे. उद्या औषध बदलायचं की नाही हे ठरवताना त्या तो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतील." मलाही तेच पटले. आपण दाखवलेला फोटो आपणच समजावून द्यायला हवा होता.

तिसऱ्या भेटीच्या आधी आम्ही दोघी त्यांच्याशी बोललो. दोन्ही वक्र कागदावर काढून दाखवले. रंगीत नकाशा मुद्दाम आणला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग डॉक्टर, माझा हात सुधारला तो कशानं?"

न्यूरॉलॉजिस्ट सहकाऱ्यांनी सरळ उत्तर दिले. सूज उतरली की दाबलेले, अडलेले तंतू पुन्हा संदेश नेऊ लागतात. वेष्टन गेलेल्या तंतूवर सोडियमच्या वाहिन्यांची मांडणी बदलते आणि संदेश हळू का होईना पुढे सरकू लागतो. मेंदूचे इतर भागही थोडे काम उचलतात. आणि मायलिनही आले असेल. "यातलं कुठलं किती, ते आम्हाला तुमच्या बाबतीत मोजता आलं नाही. तुमचा हात सुधारला हे मात्र आम्ही प्रत्यक्ष तपासलंय, ते स्कॅनवर अवलंबून नाही."

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतःहून सांगितलंत, बरं झालं. पण तेव्हाच सांगायला हवं होतं." त्यांचे बरोबर होते. ज्याने नकाशा दाखवला होता तो सहकारीही नंतर त्यांना जाऊन भेटला, आपणहून.

काय वेगळे करता आले असते

रंगीत नकाशा सहभागी व्यक्तीला दाखवण्याआधी त्यामागचा वक्र कोणीतरी पाहिलेला असावा. ही आता आमच्याकडे लेखी अट आहे. नकाशात प्रत्येक व्होक्सेलला एक रंग मिळतो आणि 32 एकोंची सगळी कथा त्या एका रंगात दडून जाते. शेपटी लांबली आहे का, हे तर त्यात दिसतच नाही.

हाताकडे जाणाऱ्या तंतूंतच लिझन होता. कवटीवर चुंबकीय झटका देऊन हाताच्या स्नायूपर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागतो हे मोजण्याची तपासणी अशा जागी थेट कामाची असते. मायलिनचे काम संदेशाचा वेग वाढवणे. पाणी मोजून मायलिनचा अंदाज करण्यापेक्षा, ते काम होते आहे का हे विचारणारे मोजमाप तीनही भेटींत सोबत असते, तर 'ठरवता येत नाही' यापेक्षा थोडे ठोस उत्तर कदाचित देता आले असते. दृष्टीच्या चेतातंतूसाठी अशी विद्युत-प्रतिसादाची तपासणी मायलिन-दुरुस्तीच्या औषधचाचण्यांत वापरली गेली आहे. आम्हाला ती कल्पना हातासाठी सुचली नाही, कारण आम्ही सगळे स्कॅनची माणसे होतो.

ताज्या लिझनचा पहिला स्कॅन बाद करणे हा निर्णय आजही मला अर्धाच बरोबर वाटतो. आकड्यांच्या दृष्टीने तो योग्य होता. पण ज्या काळात मायलिन परत येण्याची शक्यता सर्वांत जास्त, तोच काळ आपण पाहायचा सोडून दिला. त्याऐवजी पहिल्या तीन महिन्यांत दर दोन-तीन आठवड्यांनी लहान स्कॅन घेऊन पाणी आणि आकारमान आधी कधी स्थिरावते आणि प्रमाण त्यानंतरही वाढत राहते का, हे पाहता आले असते. सूज थांबल्यानंतरची वाढ सुजेच्या खात्यावर टाकता येत नाही. त्यासाठी नुकताच झटका येऊन गेलेल्या, थकलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा यंत्रात झोपवावे लागेल, आणि ते कितीदा मागावे याचे उत्तर भौतिकीत नाही. नव्या प्रोटोकॉलच्या मसुद्यात आम्ही तीन जादा भेटी लिहिल्या आहेत, प्रत्येकी वीस मिनिटांच्या आतल्या. तो मसुदा वाचून मत देण्यासाठी या बाईंनाही विचारले आहे आणि त्यांनी होकार दिला आहे.